उजव्या खांद्याचा पट्टा

कॅमेरा गळ्यात अडकवून डोंगर चढणारा माणूस मी लांबून ओळखते. दर पावलाला तो स्वतःची छाती बडवून घेत असतो. थोडं चढल्यावर तो एका हातानं कॅमेरा पोटाशी दाबून धरतो, म्हणजे एक हात गेला. मग निसरडी वाट येते, आधाराला झुडूप नाहीतर दगड धरायचा असतो, आणि मोकळा हात एकच उरलेला असतो. हाच माणूस खाली उतरला की दुसऱ्या दिवशी मान वाकडी करून माझ्या गाळ्यात यायचा आणि म्हणायचा, "मावशी, काहीतरी करा ना."

ते काहीतरी करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.

या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर बजावलं होतं, "कामाबद्दल लिहा, बायोडेटा नको." बरंच झालं. माझ्या बायोडेटात आहे काय? वडील कुडाळकडचे, मुंबईत गिरणीत लागले. गिरणी बंद पडली, तेव्हा मी शिवणाच्या मशिनवर बसले ती उठलेच नाही. आधी शाळेची दप्तरं शिवली. मग एकदा डोंगरात फिरणाऱ्या एकानं फाटकी सॅक दुरुस्तीला आणली, ती टिकली, आणि त्याच्या मागून त्याचे सगळे मित्र आले. मुलुंड पश्चिमेला, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या पहिल्या मजल्यावर माझा गाळा होता. दोन मशिनं होती, एकावर मी आणि एकावर मंगल. मंगल वयानं माझ्यापेक्षा लहान आणि तोंडानं मोठी. पाटीवर आम्ही फक्त 'कॅमेऱ्याच्या पिशव्या' असं लिहिलं होतं, कारण त्याखाली काय काय मोडतं हे लिहायला पाटी पुरली नसती.

लोकांना वाटतं, पिशवी ती पिशवी, तिच्यात काय एवढं शिवायचं? तर सांगते. डोंगरात कॅमेरा न्यायच्या ज्या काही तऱ्हा आहेत, त्यातल्या प्रत्येकीत खोट आहे. पाठीवरच्या सॅकमध्ये टाकला तर सगळ्यात सुखरूप. पण सॅक उतरवा, पावसाचं कव्हर काढा, चेन उघडा, एवढं होऊन कॅमेरा डोळ्याला लागेपर्यंत पक्षी घरी जाऊन जेवून झोपलेला असतो. छातीवर पाऊच बांधला तर कॅमेरा हाताशी राहतो, वजन दोन्ही खांद्यांवर वाटलं जातं, पण उतरताना स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि माणसं पडतात ती बहुतेक उतरतानाच. कमरेला लावला तर मान मोकळी, पण उंच पायरी आली की मांडीची ढुशी बसते. सॅकच्या पट्ट्यावर क्लिप लावून अडकवणं छोट्या कॅमेऱ्याला झकास, मोठी लेन्स असली की तो खांदा खाली ओढला जातो.

आणि सगळ्यांचा लाडका तो तिरका पट्टा. एका खांद्यावरून येऊन दुसऱ्या बाजूच्या कमरेशी कॅमेरा लोंबतो. चालताना मागे ढकलायचा, फोटो दिसला की पुढे ओढायचा. उजव्या हातानं काम करणाऱ्याचा पट्टा डाव्या खांद्यावर आणि कॅमेरा उजव्या कमरेशी. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हणून गिऱ्हाईक आलं की मी कॅमेरा कुठला हे शेवटी विचारायची. पहिला प्रश्न, जाणार कुठे? दुसरा, हात कुठला? तिसरा, दुखतं कुठे? तिसऱ्या प्रश्नाला लोक बिचकायचे, मग हळूहळू सांगायचे. कुणाची मान, कुणाचा गुडघा, कुणाची स्लिप डिस्क. माझे वडील गिरणीत ओझी उचलायचे, ते म्हणायचे, "वजन कमरेर घेवक व्हया, मानेर नाय." माझ्या धंद्याची सगळी विद्या त्या एका वाक्यात आली. बाकी मग दोरा, पट्टी आणि बक्कल.

अंधेरीहून एक मुलगी आली होती. बाजारातला महागडा छातीचा पाऊच घेऊन आली आणि टेबलावर आपटला. "काकू, हे कुणी बनवलंय माहितीये? ज्याला आई-बहीण नाही अशा माणसानं."

"का गं?"

"घालून बघा ना."

मी घालून बघितला आणि मला हसू आवरेना. सगळे पट्टे सपाट छातीच्या मापानं. बाईनं घातला की नको तिथे काचतो, नको तिथे उचलतो, आणि पाऊच हनुवटीला येऊन टेकतो. मी तिला पट्टे काखेतून फिरवून, बरगड्यांच्या खाली एकत्र आणून दिले. ती गेली आणि महिन्याभरात तिच्यासारख्या कितीतरी जणी आल्या. ते माप मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. आरशासमोर उभी राहून काढलं होतं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

दुसरे बोरीवलीचे एक पक्षीवेडे. त्यांची तक्रार आवाजाची. माझ्या पाऊचचं झाकण वेल्क्रोचं होतं, उघडताना चर्र वाजायचं. "बाई, तुमच्या चर्रर्रनं माझा स्वर्गीय नर्तक गेला!" असं ते दारातूनच ओरडत आले. मंगलला वाटलं कुणी वारलं. तो पक्षी असतो हे कळल्यावर ती दिवसभर हसत होती. त्यांच्यासाठी मी मॅग्नेटची बटणं शोधून आणली. झाकण सोडलं की आपोआप, आवाज न करता चिकटायचं. मला ती इतकी आवडली की मी जिथेतिथे लावायला लागले. मंगल म्हणायची, "ताई, आता माझ्या तोंडाला पण एक लावा."

या मॅग्नेटांची गोष्ट सांगायचं कारण दामले.

दामले माझं जुनं गिऱ्हाईक. बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, राहायला मुलुंडलाच डोंगराच्या बाजूला. नीटस माणूस, हळू बोलणार, पावसात आले तर छत्री बाहेर झटकून मगच आत येणार. त्यांचा तिरका पट्टा मीच शिवला होता. एका श्रावणात ते आले आणि म्हणाले, "सुनंदाबाई, पट्टा बदलायचाय."

"तुटला?"

"पट्टा ठणठणीत आहे. मीच जरा तुटलोय."

त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली काडेपेटीएवढा उंचवटा होता आणि त्यावर भरून आलेली जखम. पेसमेकर बसवला होता. डॉक्टरांनी हळूहळू चढायला परवानगी दिली होती, बरोबर माणसं असतील या अटीवर. पण त्या जागेवर दाब, घासणं, काही चालणार नव्हतं. आणि त्यांचा पट्टा नेमका तिथूनच जायचा.

"यंदा गेलंच पाहिजे का?" मी विचारलं.

"कारवी फुलायची आहे."

कारवी म्हणजे आपल्या या डोंगरातलंच झुडूप. सात वर्षं नुसतं वाढतं आणि मग एका पावसाळ्याच्या शेवटी सगळा उतार जांभळा करून टाकतं. बहर थोडेच दिवस, नंतर पुन्हा सात वर्षं काही नाही. दामल्यांचे वडील, नाना, नव्वदी ओलांडलेले, अंथरुणावर होते. त्यांनी दामल्यांना लहानपणी बोट धरून कारवी दाखवायला नेलं होतं, आणि पुढचा प्रत्येक बहर दोघांनी बरोबर पाहिला होता. मागच्या बहराला नानांना खांद्याला धरून निम्म्या वाटेपर्यंत नेलं होतं. यंदा ते शक्य नव्हतं.

"रोज सकाळी विचारतात, फुलली का रे? खिडकीतून डोंगर दिसतो, पण त्यांना आता नुसता हिरवा ढग दिसतो. पुढच्या बहराला..." दामल्यांनी ते वाक्य तिथेच सोडलं. "मोबाइलवरचं त्यांना दिसत नाही. मोठे फोटो छापून भिंतीला लावायचेत. मोठी लेन्स न्यावीच लागेल."

मला हे फार सोपं वाटलं. डावा खांदा गेला तर उजवा आहे. पट्टा उजव्या खांद्यावरून, कॅमेरा डाव्या कमरेशी. मी मंगलला बाकीची कामं दिली आणि स्वतः बसून तो पट्टा शिवला. रुंद पट्टी, आत मऊ फोम, टोकं मेणबत्तीवर धरून वितळवलेली, जोडांना चौकटीत फुलीची शिलाई. लेन्सचं वजन घेईल असं बक्कल आणि तुटलंच तर सांभाळायला एक जादा दोरी. माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांपैकी ते एक.

दामले आले. पट्टा हातात घेतला, शिलाई बघितली, बोटानं फोम दाबला. हात वर नेला आणि तिथेच थांबले. मग पट्टा नीट गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला.

"नको, सुनंदाबाई."

"का? लांबी कमी पडते?"

"लांबी बरोबर आहे. उजव्या खांद्यावर मला चालणार नाही."

"उजवीकडे पण काही बसवलंय का?" मंगलनं मशिनवरून विचारलं.

ते ओशाळे हसले. पावसानं शर्ट अंगाला चिकटला होता आणि आतलं जानवं दिसत होतं, श्रावणीला बदललेलं, पांढरंशुभ्र. त्यांनी त्यावरूनच सांगितलं. जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या बगलेखाली जातं. पितरांचं काही करायचं असलं की ते उलटं, उजव्या खांद्यावर घेतात. त्याला अपसव्य म्हणतात. बाप हयात असलेल्या मुलावर ती वेळ आलेली नसते.

"दामले," मी म्हटलं, आणि मला खरंच वैताग आला होता, "हा कॅमेऱ्याचा पट्टा आहे. जानवं नाही."

"मला कळत नाही का हो? जन्मभर बँकेत आकडेमोड केली. नारळ फोडल्याशिवाय गाडी घेतली. पण हात वर जातो आणि थांबतो. काय करू?"

"सॅक घेता ती दोन्ही खांद्यांवर, तेव्हा उजवा चालतो?"

"दोन्हीवर चालतो. एकट्या उजव्यावर नाही."

मंगलनं माझ्याकडे बघून डोळे फिरवले. मी मनात म्हटलं, यंदाची कारवी गेली. एवढ्या शिकलेल्या माणसाचा हात एका दोऱ्यानं अडवला.

पट्टा मी खुंटीला अडकवला आणि दुसरा मार्ग काढायला लागले. हाताशी छातीचा पाऊच होता, तोच उचलला आणि त्यांच्या छातीला लावून बघायला पुढे झाले. दामले एकदम दोन पावलं मागे सरले, हात छातीवर ठेवून.

"त्याला मॅग्नेट आहे?"

होतं. माझं लाडकं बटण, झाकणाच्या आत. डॉक्टरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, मॅग्नेट त्या यंत्राच्या जवळ आणायचं नाही, त्याची चाल बदलते. मी हात मागे घेतला आणि पाऊच पार खिडकीपाशी नेऊन ठेवला. त्या दिवसापासून तिसऱ्या प्रश्नाला एक पोटप्रश्न जोडला गेला, आणि बिनधास्त मॅग्नेट लावणं बंद झालं.

कमरेचा पट्टा करून पाहिला. दामल्यांना कंबर अशी नव्हतीच, सरळ खांब. वजन आलं की पट्टा खाली, पँटही खाली. मंगल म्हणाली, "साहेब, फोटो राहील बाजूला, भलताच फोटो निघेल." ते मनापासून हसले, पण परत जाताना जिन्यात थोडा वेळ थांबलेले मला वरून दिसले.

बाहेर गणपतीचे मांडव पडायला लागले होते. डोंगराकडून येणारे लोक सांगायचे, कारवीला कळ्या धरल्यात.

अंग वाकवताना, चढताना माणूस कसा हलतो ते त्याच्या नेहमीच्या जागेत बघावं, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही. त्यांच्या मागून मी जिना चढले आणि पट्टा कुठे घसरेल, पाय किती उचलला जातो, ते बघितलं. आत खिडकीशी पलंग होता आणि पलंगावर नाना. हाडांचा सापळा, पण डोळे मिश्कील. अंगात पांढरी सुती बंडी, खिशात चष्मा आणि नाक पुसायचा रुमाल.

"या या. तुम्हीच का पट्टेवाल्या बाई? झाला का याचा पट्टा?"

"झाला हो. पण हे घालत नाहीत."

मी जे होतं ते सांगून टाकलं. आडपडदा ठेवायचा माझा स्वभाव नाही, आणि मला वाटलं, म्हातारा तरी याला शहाणपण शिकवेल. नाना हसायला लागले. दात नव्हते, हसता हसता खोकला आला. दामल्यांनी पाठ चोळली, पाणी दिलं.

"अरे वेड्या," नाना म्हणाले, "मी सांगतोय ना तुला. घाल उजव्या खांद्यावर. तुझ्या पट्ट्यानं मला काय होतंय? झालंच तर सुटेन बिचारा."

दामले नानांच्या पायावरची चादर सारखी करत होते. मान वर न करता ते म्हणाले, "नाही नाना. तुम्ही आहात तोवर नाही."

नाना खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं बाबा. बाईंना बघू दे काय ते."

मी तोवर समजत होते की दामले कशाला तरी घाबरतात. तिथे मला दिसलं की यात भीती कुठेच नव्हती. माझा बाप अजून आहे, हे तो माणूस रोज अंगावर वागवत होता. कुणाला न सांगता, एक खांदा मोकळा ठेवून. आणि मला माझ्या वडिलांची आठवण आली. ते गावी वारले तेव्हा मी इथे दप्तरांच्या ऑर्डरीत होते. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं, जे करायचं ते भावानं केलं होतं. ते होते तेव्हा त्यांच्या असण्याची कुठली खूण मी बाळगली होती? आमच्यात जानवं नाही, आणि मुलींना तर कुणी काही ठेवायला सांगतच नाही. दामल्यांच्या घरात बसून मला त्या माणसाचा हेवा वाटला. ज्याला मी मनात हसले होते, त्याचाच.

आणि त्याच वेळी माझी नजर नानांच्या बंडीवर होती. त्या बंडीला पट्टा कुठेच नव्हता. कापड दोन्ही खांद्यांवर सारखं पसरलेलं, खिशातल्या चष्म्याचं ओझं सगळ्या पाठीवर वाटलेलं.

"दामले," मी म्हटलं, "तुम्हाला बंडी शिवते."

"बंडी?"

"दोन्ही खांद्यांवर बसेल. मग तुमची हरकत नाही ना?"

नाना पलंगावरून म्हणाले, "माझी घेऊन जा मापाला. मी उघडा बसतो."

त्या बंडीवर मी आणि मंगल झटलो तशा कधी कशावर झटलो नाही. पाठीला जाळीचं कापड, घाम सुटला तर वारा लागावा म्हणून. डाव्या बाजूचा गळा खोल कापून घेतला, म्हणजे यंत्राच्या जागेवर कापडसुद्धा टेकणार नाही. सगळं वजन मानेच्या जवळून, पाठीवरून खाली कमरेच्या पट्ट्यात उतरवलं, आणि तो पट्टा बंडीलाच शिवला, म्हणजे खाली घसरायचा प्रश्न नाही. कॅमेऱ्याचा कप्पा उजव्या कमरेशी पण थोडा मागे, मांडीची ढुशी चुकवून. झाकणाला वेल्क्रो. कारवी काही चर्र ऐकून उडून जाणार नव्हती. तरी पहिली बंडी फसली. जाळी ताणली गेली आणि एक बाजू लोंबायला लागली. उसवली, पाठीला आडवी पट्टी घातली, पुन्हा शिवली.

माझी एक पद्धत होती. कुठलीही नवी वस्तू गिऱ्हाईकाच्या अंगावर चढवण्याआधी मी स्वतः घालून चढायची. कॅमेरा परवडत नव्हता, म्हणून कप्प्यात तेवढ्या वजनाचे तांदूळ भरायची. दामल्यांची बंडी साडीवर चढवून, तांदूळ भरून, मी बोरीवलीच्या नॅशनल पार्कात गेले आणि कान्हेरीच्या पायऱ्या चढायला लागले. पहारेकऱ्यानं अडवलं.

"मावशी, आत काय आहे?"

"तांदूळ."

"इथे जेवण करायला परवानगी नाही."

"शिजवत नाही रे. फिरवायला आणलेत."

तो माझ्याकडे असं बघत राहिला की मला वाटलं आता हा डॉक्टर बोलावतो. पण तांदूळ हलले नाहीत. ओल्या पायऱ्यांवर वाकले, एका बाजूनं वळले, बसले, उठले, दोन्ही हात मोकळे. उतरताना पाय स्वच्छ दिसत होते. मी तिथेच कठड्याला टेकून दामल्यांना फोन केला की झालं.

ते एका निसर्गमंडळाबरोबर येऊरच्या बाजूनं जाणार होते, परवानगी काढून. त्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला. मी गाळ्यात बसून होते, पण एक शिलाई सरळ येईना. चौकटीतली फुली तुटायची नाही हे मला माहीत होतं. पण त्या यंत्राचं काय, त्या गुडघ्यांचं काय? माणूस बापाला दाखवायला फुलं आणायला निघाला आणि माझ्या बंडीत घसरून पडला तर? मंगल म्हणाली, "ताई, जेवा. तुम्ही उपाशी राहून त्यांचा पाय थोडाच टिकणार आहे." दुपार झाली, संध्याकाळ झाली, आणि दिवे लागायच्या सुमाराला दामले स्वतःच दारात उभे. चिखलानं माखलेले, बंडी अंगात तशीच.

"एकदाही हलला नाही, सुनंदाबाई," ते म्हणाले. "दोन ठिकाणी चार पायांवर चढलो. पण हलला नाही."

त्यांनी कॅमेरा काढून मागच्या बाजूचा छोटा पडदा दाखवला. सगळा उतार जांभळा, वर धुकं, आणि पुढच्या फांदीवर पावसाचे थेंब. मी इतकी वर्षं त्या फोटोंचं ओझं वाहायला पिशव्या शिवल्या, पण फोटो बघून डोळ्यांत पाणी आलेला तो पहिलाच.

नानांचं त्यांनी पुढच्या खेपेला येऊन सांगितलं. फोटो मोठे छापून पलंगासमोरच्या भिंतीला लावले. नानांनी भिंग मागितलं. दामल्यांनी एकेक फोटो काढून त्यांच्या हातात धरला. नाना खूप वेळ बघत होते. दामले वाट बघत होते, काय म्हणतात याची.

"मग? काय म्हणाले?" मंगलनं विचारलं.

"म्हणाले, जांभळा जरा कमी आलाय."

आम्ही तिघंही हसलो. नंतर नानांनी ती बंडी मागितली म्हणे. मांडीवर घेऊन हातानं चाचपली, खिशात हात घालून पाहिला. झोपताना ती उशाशीच ठेवायला सांगितली.

पुढे माझ्या अंगठ्यांचे सांधे दुखायला लागले. जाड पट्टी दाबायला जोर पुरेना. ऑनलाइन तयार बंड्या, पट्टे, पाऊच मिळायला लागले, काही तर चांगलेही आहेत, खोटं का बोलू. कुणाला कुठे दुखतं, हे मात्र तिथे कुणी विचारत नाही. मी नवीन कामं घेणं बंद केलं आणि गाळा रिकामा करायला काढला. मंगलनं तिचं मशिन घरी न्यायचं ठरवलं. खुंट्यांवर काय काय लोंबत होतं, अर्धवट पाऊच, कुणी न नेलेले पट्टे. आम्ही एकेक काढून पोत्यात भरत होतो.

उन्हाळा होता. दामले आले, डोक्यावर टोपी घालून. टोपी घालायची त्यांना कधी सवय नव्हती. दारात चपला काढल्या आणि टोपीही काढली. डोक्याचे केस काढलेले होते आणि त्यावर नुकते खुंट उगवलेले. मिशी नव्हती.

मंगलनं हातातलं पोतं खाली ठेवलं.

"केव्हा?" मी विचारलं.

"झाला महिना. झोपेत गेले." ते खुर्चीवर बसले नाहीत. खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले. बाहेर उन्हात डोंगर तपकिरी, वाळलेला. "बंडी त्यांच्याबरोबर दिली. उशाशी होती, मग म्हटलं राहू दे."

"चांगलं केलंत."

"आता पावसाळ्यात जायचं तर..." त्यांनी खुंट्यांकडे बघितलं. "तो आहे का हो अजून? उजवीकडचा?"

होता. सगळ्यात आतल्या खुंटीवर, पहिल्या दिवशी अडकवला तसा. मंगल उठली, काढला, पदरानं धूळ पुसली आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी शिलाई बघितली नाही, फोम दाबून पाहिला नाही. हात वर गेला, पट्टा डोक्यावरून आला आणि उजव्या खांद्यावर बसला.

मी सवयीनं पुढे झाले. बक्कल तपासलं, पट्टा दोनदा ओढून बघितला, मागची लांबी सारखी केली. मग वस्तू अंगावर चढवून झाली की जो प्रश्न मी सगळ्यांना विचारायची, तोच त्यांना विचारला.

"टोचत नाही ना कुठे?"

दामल्यांनी खांदा जरा हलवून बघितला.

"टोचतंय थोडं," ते म्हणाले. "होईल सवय."